खाल्ल्या मिठाला जागणारी किडनी

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कोणी बसमध्ये असेल, कोणी भांडी घासत असेल, कोणी उद्याच्या परीक्षेचं टेन्शन विसरायला इथे आलं असेल. आज एक गोष्ट सांगते. माझ्याच घरची आहे, आणि त्यातली चूकही माझीच आहे.

मागच्या दिवाळीत मी बाबांना मीठ भेट दिलं.

हसू नका. बाबांना सात-आठ वर्षं बीपी आहे. सकाळी चहाच्या आधी एक गोळी घेतात, टेल्मिसार्टन. आई-बाबा साताऱ्याला, मी पुण्यात. फोनवर काहीतरी बघताना मला ‘लो सोडियम’ मिठाची जाहिरात दिसली. बीपीवाल्यांसाठी चांगलं, सोडियम कमी, चव तीच. मी लगेच चार पाकिटं मागवली आणि घरी पाठवून दिली. आईला फोनवर सांगितलं, "आई, आता स्वयंपाकात हेच वापर, जुनं मीठ बंद." आई म्हणाली, "अगं, पण थोडं कडवट लागतंय." मी म्हटलं, "सवय होईल."

आईनं ऐकलं. बाबा तर खूशच. मुलीनं पाठवलेलं मीठ म्हणून ताकातसुद्धा चिमूटभर जास्त घालायला लागले.

महिन्याभरानं नेहमीची रक्ततपासणी झाली. संध्याकाळी डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. "काका, पोटॅशियम ५.८ आलंय. खाण्यात काही बदल केलाय का?" साधारणपणे हा आकडा ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवा. तो फार वाढला तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. त्याच रात्री बाबांचा ईसीजी काढला. नशिबानं तो नीट होता.

मी त्या रात्री झोपले नाही. मला एकच कळत नव्हतं. मी तर सोडियम कमी केलं होतं, मग पोटॅशियम कसं वाढलं? आणि बाबांच्या गोळीचा याच्याशी काय संबंध?

उत्तर शोधायला गेले आणि थेट किडनीत जाऊन पोचले. तर आजचा एपिसोड त्याच प्रवासाचा.

आधी कैरी, मग किडनी

लोणच्याची कैरी कापून मीठ लावून ठेवतात ते बघितलंय? तासाभरानं पातेल्याच्या तळाशी पाणी साचलेलं असतं. ते कुणी ओतलेलं नसतं. मिठानं ते कैरीतून ओढून काढलेलं असतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की आई ओरडते, तेही याचमुळे.

हा नियम लक्षात ठेवा: जिथे मीठ, तिथे पाणी. बाकी सगळा एपिसोड यावरच उभा आहे.

सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत, आणि उरलेलं पेशींच्या बाहेर. म्हणजे रक्तात आणि पेशींच्या आजूबाजूला. हे बाहेरचं पाणी खारट असतं. किती खारट? हॉस्पिटलमध्ये सलाईन लावतात ना, जवळपास तितकं. त्या सलाईनमध्ये एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं.

आता उलटा हिशोब करा. अंगात ९ ग्रॅम मीठ जास्तीचं अडकून राहिलं, तर ते पातळ ठेवायला शरीर साधारण एक लिटर पाणीही धरून ठेवतं. रात्री मित्रांबरोबर चिप्स, नूडल्स, वर शेजवान चटणी असं झालं की सकाळी अंगठी घट्ट होते, डोळ्यांखाली सूज येते, वजनकाटा किलोभर पुढे असतो. घाबरू नका, ती एका रात्रीत चढलेली चरबी नसते. ते मिठानं धरून ठेवलेलं पाणी असतं. दोन-चार दिवसांत जातं.

पण ‘जातं’ म्हणजे काय? ते कोण घालवतं? आणि त्याला कसं कळतं की किती घालवायचं आणि किती ठेवायचं?

दिवसाला दीड किलो मीठ

आपल्या दोन्ही किडन्या मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम. पण हृदय मिनिटाला जे सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं, त्यातलं जवळपास एक लिटर या दोघींकडे जातं. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या सगळ्या मिळून दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात.

१८० लिटर! आणि लघवी होते किती? दीड-दोन लिटर. बाकी सगळं परत.

त्या १८० लिटरबरोबर मीठ किती गाळलं जातं? साधारण दीड किलो. रोज! दीड किलो मीठ गाळणीतून खाली पडतं आणि किडनी त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त उचलून पुन्हा रक्तात ठेवते.

मला हे वाचून आजीची आठवण झाली. तांदूळ निवडताना सगळे ताटात पसरायचे, मग चांगले एकेक करून परत डब्यात. किडनीची पद्धत तीच. आधी सगळं बाहेर टाकायचं, मग जे हवं ते वेचून घ्यायचं. त्यामुळे नको असलेली गोष्ट कोणती हे तिला आधी माहीत असावं लागत नाही. जी वेचली नाही, ती आपोआप गेली.

या वेचण्यातला मोठा भाग ठरल्यासारखा होतो. नळीच्या पहिल्या भागात जवळपास दोन तृतीयांश मीठ परत घेतलं जातं, पुढच्या वळणावर अजून एक चतुर्थांश. खरी गंमत शेवटच्या दोन-तीन टक्क्यांची आहे. दीड किलोचे दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम. आपण दिवसभरात खातो त्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे या शेवटच्या टप्प्यात जरा हात सैल सोडला तर अंगातलं मीठ भराभर जाईल, आणि जरा घट्ट धरला तर साचत राहील. तर हा शेवटचा नळ कोणाच्या हातात आहे? हार्मोनच्या.

सशांची गोष्ट

आता जाऊया १८९८ मध्ये, स्टॉकहोमला. तिथल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट टिगरस्टेट नावाचे प्राध्यापक आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाची किडनी कुटून तिचा अर्क काढला आणि दुसऱ्या सशांना टोचला. त्या सशांचं बीपी वाढलं. किडनीत असं काहीतरी आहे जे रक्तात मिसळलं की बीपी वाढवतं, असं त्यांनी मांडलं आणि त्याला नाव दिलं ‘रेनिन’.

आणि मग? मग काहीच नाही. पुढची तीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीकडे जाणारी धमनी चिमट्यानं थोडी आवळली, तेव्हा त्या कुत्र्यांचं बीपी चढलं. तेव्हा लोकांना पुन्हा किडनी आठवली.

विचार करा, गोल्डब्लाटनी मीठ घातलं नव्हतं, काही टोचलं नव्हतं. फक्त किडनीला मिळणारं रक्त कमी केलं होतं. किडनीला काय वाटलं? ‘अरे, रक्त कमी येतंय. म्हणजे अंगातलं पाणी आटलं. वाचवा!’ बाकी शरीरात रक्त भरपूर होतं, पण किडनीला ते दिसत नाही. तिला फक्त तिच्या दारात काय येतंय तेवढंच कळतं. आपल्या सोसायटीत वरच्या मजल्यावर नळाला धार बारीक आली की आपण म्हणतो टाकी रिकामी झाली. टाकी भरलेली असते, पाईप कुठेतरी दबलेला असतो. तसंच.

साखळी नीट समजून घ्या

ही साखळी एकदा समजली की घरातल्या अर्ध्या गोळ्या समजतात. म्हणून जरा सावकाश सांगते.

प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक धमनी असते. तिच्या भिंतीतल्या काही पेशी रेनिन भरून बसलेल्या असतात. तीन गोष्टी घडल्या की त्या रेनिन सोडतात. एक, धमनीतला दाब कमी झाला. दोन, गाळणीतून पुढे गेलेली नळी वळसा घेऊन पुन्हा त्याच गाळणीपाशी येते आणि तिथल्या पेशी बघतात की पुढे मीठ किती आलंय. कमी आलं तर त्या शेजाऱ्याला सांगतात. आणि तीन, मज्जातंतूंकडून धोक्याचा निरोप आला. म्हणजे जुलाब लागले, रक्त गेलं, उन्हात घामानं पाणी गेलं, की रेनिन सुटतं.

रेनिन स्वतः फार काही करत नाही. लिव्हरनं तयार केलेलं एक लांबलचक प्रोटीन रक्तात फिरत असतं, रेनिन त्याचा एक तुकडा कापतं. तो तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-१. तो बऱ्यापैकी निरुपद्रवी. मग तो रक्ताबरोबर फिरताना, मुख्यतः फुप्फुसात, एसीई नावाचं एन्झाइम त्याचं एक टोक आणखी छाटतं आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-२.

हे मात्र भारी प्रकरण आहे. ते एकाच वेळी चार कामं करतं. रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे दाब लगेच सावरतो. मेंदूला सांगतं ‘तहान लाव’. पाणी वाचवणारं हार्मोन सोडायला लावतं, त्याच्याकडे पुढे येते. आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेतं.

नावाची एक गंमत सांगून पुढे जाते. हा पदार्थ १९४० च्या आसपास दोन ठिकाणी एकाच सुमाराला सापडला, अर्जेंटिनात आणि अमेरिकेत. एकांनी म्हटलं हायपरटेन्सिन, दुसऱ्यांनी म्हटलं अँजिओटोनिन. बरीच वर्षं दोन्ही नावं चालली. शेवटी १९५८ मध्ये तडजोड झाली. अर्धं याचं, अर्धं त्याचं: अँजिओटेन्सिन. दोन्हीकडचे वऱ्हाडी खूश!

आता अल्डोस्टेरॉन. लक्ष द्या, कारण माझी चूक इथेच आहे. अल्डोस्टेरॉन त्या शेवटच्या नळावर जाऊन बसतं आणि सांगतं: सोडियम आत घ्या. सोडियम आत आलं की मागोमाग पाणी येतं. कैरीचा नियम! पण त्याच जागी, त्याच वेळी, पोटॅशियम बाहेर जातं. मीठ वाचवणं आणि पोटॅशियम फेकणं ही एकाच हार्मोनची दोन कामं आहेत. डाव्या हातानं घेतो, उजव्या हातानं देतो.

हे काम मिनिटात होत नाही, काही तास लागतात. म्हणून तर चिप्सच्या रात्रीनंतर अंगठी सैल व्हायला दोन-चार दिवस जातात. मीठ भरपूर आलं की ही साखळी थंडावते, रेनिन कमी, अल्डोस्टेरॉन कमी, आणि जास्तीचं मीठ हळूहळू लघवीतून निघून जातं.

पाण्याचं खातं वेगळं

तुम्ही म्हणाल, मीठ कळलं, पण पाणी? नुसतं दोन लिटर पाणी प्यायलं तर?

त्याचं खातं वेगळं आहे, आणि ते मेंदूकडे आहे. मेंदूतल्या काही पेशी रक्त किती दाट झालंय ते सतत मोजत असतात. एक-दोन टक्क्यांचा फरकही त्यांना कळतो. रक्त दाट झालं की मेंदू एडीएच नावाचं हार्मोन सोडतो. ते किडनीच्या शेवटच्या नळीत पाण्यासाठी बारीक दारं बसवतं, पाणी परत आत येतं, लघवी कमी आणि गडद पिवळी होते. पाणी जास्त प्यायलं की एडीएच बंद, दारं बंद, लघवी भरपूर आणि पांढरट. बीअर प्यायल्यावर दर वीस मिनिटांनी धावावं का लागतं? अल्कोहोल एडीएच दाबून टाकतं. त्यामुळे लघवी जास्त होते, आणि सकाळी तोंडाला कोरड.

थोडक्यात: किती पाणी मावेल ते मीठ ठरवतं, आणि त्यात पाणी-मिठाचं प्रमाण किती हे एडीएच ठरवतं.

ही दोन खाती गोंधळली की काय होतं? २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं गेलं. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम कमी झालं होतं. तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. जास्त धोका कोणाला होता? ज्यांचं वजन धावून झाल्यावर वाढलं होतं त्यांना! म्हणजे घामानं गेलं त्यापेक्षा ते जास्त प्यायले होते. त्यातच जोराच्या व्यायामात एडीएच पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे किडनी ते पाणी सोडत नाही. हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनो, तहान लागेल तसं प्या. ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे पाण्यालाही लागू नाही.

आणि हृदय गप्प बसलेलं नसतं. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांची लघवी आणि तिच्यातलं मीठ प्रचंड वाढलं. आज त्या हार्मोनला एएनपी म्हणतात. रक्त फार झालं, कप्पे ताणले गेले, की हृदय किडनीला सांगतं: बाई, पुरे झालं, सोड आता. मला हे फार आवडतं. आपण ज्याला नुसता पंप समजत होतो, तोही निरोप पाठवतो.

मीठ न खाणारी माणसं

पण मग एवढी सगळी यंत्रणा मीठ वाचवण्यासाठी का? बाजारात तर मिठाचा पुडा सगळ्यात स्वस्त.

याचं उत्तर ॲमेझॉनच्या जंगलात आहे. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवर यानोमामी लोक राहतात. त्यांच्या पारंपरिक जेवणात वरून मीठ नसतंच. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची लघवी आणि हार्मोन तपासले होते. लघवीत सोडियम जवळपास नाहीच. किडनी शेवटचा कणसुद्धा सोडत नव्हती. आणि रेनिन, अल्डोस्टेरॉन आपल्या मानानं खूपच वर. पुढे १९८८ मध्ये ‘इंटरसॉल्ट’ नावाचा जगभरातल्या ५२ ठिकाणांचा अभ्यास आला. त्यातही यानोमामींचं सरासरी बीपी साधारण ९६/६१ होतं, आणि वयाबरोबर ते वाढत नव्हतं.

आपण समजतो तसं म्हातारपणी बीपी वाढणं सगळ्या माणसांच्या नशिबी नाही तर.

आता खरं सांगायचं तर त्यांचं फक्त मीठच वेगळं नाही. खाणं वेगळं, हालचाल वेगळी, सगळं आयुष्यच वेगळं. त्यामुळे एकट्या मिठाला सगळं श्रेय देता येणार नाही. पण एवढं दिसतं, की ही यंत्रणा टंचाईसाठी बनलेली आहे. दुष्काळ बघितलेल्या आजीच्या हातात घराच्या चाव्या द्याव्यात आणि मग घरात रोज ट्रक भरून धान्य आणून ओतावं, तसं झालंय आपलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. म्हणजे चहाचा सपाट चमचा. आपल्याकडच्या पाहण्यांत आकडा ८ ते ११ ग्रॅमच्या घरात येतो. लोणचं, पापड, फरसाण, ठेचा, शिवाय ब्रेड आणि बिस्किटातलं न दिसणारं मीठ.

मग किडनी काय करते? रेनिन कमी करते, अल्डोस्टेरॉन कमी करते. अनेकांना तेवढं पुरतं. पण काहींच्या किडनीला एवढं मीठ बाहेर ढकलायला जास्त दाब लागतो. दाब वाढला की मीठ जातं, हिशोब जुळतो. पण तो वाढलेला दाब मग कायमचा मुक्कामाला येतो. त्याला आपण बीपी म्हणतो.

सापाचं विष आणि बाबांची गोळी

आता शेवटचा प्रवास, ब्राझीलचाच. तिथे जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचं बीपी धाडकन खाली येतं. सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन डॉक्टरनं १९६० च्या दशकात त्या विषावर काम केलं आणि ते घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे कळलं की विषातले काही तुकडे एसीईला अडवतात. तेच एसीई, जे अँजिओटेन्सिनचं टोक छाटतं. स्क्विब कंपनीतल्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी त्यावरून एक छोटा रेणू बनवला, जो गोळी म्हणून गिळता येईल. कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

‘प्रिल’ वर संपणाऱ्या सगळ्या गोळ्या या घराण्यातल्या. काहींना त्यांनी कोरडा खोकला येतो. मग ‘सार्टन’ आल्या: लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन. त्या अँजिओटेन्सिन बनू देतात, पण ते जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवून ठेवतात.

तर बाबा रोज सकाळी चहाआधी नेमकी हीच साखळी थोडी सैल करतात. आणि ती गोळी त्यांच्यासाठी चांगलीच आहे. पण साखळी सैल झाली म्हणजे अल्डोस्टेरॉन कमी. अल्डोस्टेरॉन कमी म्हणजे सोडियम जातं, छान. आणि पोटॅशियम? ते मागे राहतं. डावा हात घ्यायचा थांबला, तसा उजवा द्यायचाही थांबला.

आणि मी पाठवलेल्या मिठात सोडियम कमी केलं होतं ते कसं? सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून तिथे पोटॅशियम क्लोराइड घालून! पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी पुढचं मोठं वाचलं, मागचं बारीक नाही. आईला लागलेली ती कडवट चव पोटॅशियमची होती. आईच्या जिभेनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

त्यात बाबांची किडनी वयामानानं थोडी मंदावलेली. पोटॅशियम येणं वाढलं, जाणं कमी झालं. ५.८.

पण त्या मिठालाही दोष देऊ नका. चीनमध्ये ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर असं मीठ वापरून बघितलं, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. स्ट्रोकचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण तिथे गंभीर किडनीविकार असलेल्यांना आणि पोटॅशियम धरून ठेवणारी काही औषधं घेणाऱ्यांना आधीच वगळलं होतं. कुणासाठी वरदान असलेली गोष्ट कुणासाठी धोका होऊ शकते. फरक किडनीनं आणि गोळीनं ठरतो, जाहिरातीनं नाही.

तर मग काय करायचं?

तीन गोष्टी सांगते. मी डॉक्टर नाही, पण हे डॉक्टरांना विचारून सांगतेय.

पहिली. घरी कुणी ‘प्रिल’, ‘सार्टन’ किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेत असेल, किंवा कुणाला किडनीचा त्रास असेल, तर लो सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. साधंच मीठ, पण कमी. हा उपाय बहुतेकांना चालतो. पापड-लोणच्यापासून सुरुवात करा.

दुसरी. या गोळ्या घेणाऱ्या माणसाला जुलाब, उलट्या लागल्या किंवा उन्हात फार घाम गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि गोळ्यांचं काय करायचं ते विचारा. पाणी आटलं की किडनी अँजिओटेन्सिनच्याच जोरावर गाळणीतला दाब टिकवते, आणि गोळीनं तो आधार काढून घेतलेला असतो. त्यात वर लघवीची गोळी चालू असेल आणि अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली, तर तिन्ही मिळून किडनी बसू शकते. पण एरवी मनानं बीपीची गोळी बंद करायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

तिसरी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच घाला. ‘फार खारट लागतंय’ म्हणून पाणी वाढवू नका, ‘लवकर बरं वाटेल’ म्हणून कमीही करू नका. त्यात मीठ आहे म्हणूनच ते पाणी अंगात टिकतं. कैरी आठवते ना?

बाबांचं पुढे काय झालं? ते मीठ बंद केलं, डॉक्टरांनी आठवड्यानं पुन्हा तपासलं, ४.७. गोळी तीच चालू आहे. आईनं उरलेली पाकिटं कपाटात वर ठेवून दिलीत, फेकवत नाहीत तिला.

मी घरी गेले तेव्हा बाबांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "अगं, तू प्रेमानंच पाठवलंस. आणि माझ्या किडनीचं म्हणशील तर ती खाल्ल्या मिठाला जागली. जे दिलं ते सांभाळून ठेवलं बिचारीनं."

ते गमतीत म्हणाले, पण मला पटलं. आपली किडनी विचारत नाही की हे मीठ कुठून आलं, कोणत्या हेतूनं आलं. ती फक्त ठेवायचं की सोडायचं एवढंच बघते, रोज १८० लिटरमधून, आपण झोपलेलो असतानासुद्धा. बाकीचा विचार करायचं काम आपलं.

आज एवढं करा. घरी गेल्यावर आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या गोळ्यांची पाकिटं हातात घ्या, नावं वाचा. शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ आहे का बघा. आणि स्वयंपाकघरातल्या मिठाचं पाकीट उलटं करून मागचं बारीक वाचा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं असतं तर हा एपिसोड झालाच नसता.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर तहान लागेल तेव्हा पाणी प्या, आणि ताकात मीठ बेतानंच घाला!